टास्क स्पूलर: टर्मिनलमधल्या कामांची रांग सांभाळणारं अवजार

शेलला, म्हणजे टर्मिनलमध्ये टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, दोन गोष्टी जन्मापासून येतात. ‘हे झालं की ते कर’ म्हणायचं असेल तर मध्ये सेमिकोलन किंवा दोन अँपरसँड टाकायचे. ‘हे मागे ढकल आणि मला प्रॉम्प्ट परत दे’ म्हणायचं असेल तर शेवटी एक अँपरसँड. मला रोज लागते ती गोष्ट या दोन्हींच्या मधली: हे काम लिहून घे, हातातली संपली की कर, एका वेळी तीनच कर, आणि मी अधूनमधून आणखी कामं देत राहीन. बॅश असो वा झेड-शेल, हे मुळात कुणालाच येत नाही. टास्क स्पूलर ही उणीव भरून काढतं. गेली काही वर्षं माझं निम्मं काम त्याच्यावर चालतं, म्हणून त्याच्याविषयी सविस्तर लिहिते आहे.

माझं काम जुन्या कागदांचं आणि ध्वनिफितींचं. स्कॅन केलेली पानं टिफ फाइलच्या रूपात येतात. ती सरळ करायची, टेसरॅक्ट या प्रोग्रॅममधून मजकूर काढायचा (म्हणजे ओसीआर), पीडीएफ बनवायची. फितींवरून उतरवलेला आवाज फ्लॅकमध्ये जपायचा, ऐकण्यासाठी ओपसमध्ये हलकी प्रत करायची, प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल बदलली नाही ना हे तपासायचा आकडा) काढायचा आणि सगळं दुसऱ्या डिस्कवर न्यायचं. यातलं एकही काम अवघड नाही, पण प्रत्येकाला वेळ लागतो आणि कामं एकदम येत नाहीत. एक गठ्ठा स्कॅन होतो, त्याचं ओसीआर चालू असतानाच दुसरा येतो, मधेच कुणाला तरी एक फीत तातडीने हवी असते. सकाळी पूर्ण यादी हातात असती तर साधी स्क्रिप्ट पुरली असती. पण यादी दिवसभर वाढत जाते, आणि म्हणून रांग लागते.

लूपमध्ये अँपरसँड टाकून हे भागवता येतं असं बऱ्याच जणांना वाटतं. दोनशे फायलींच्या लूपला अँपरसँड लावला की दोनशे प्रोसेस एकदम उभ्या राहतात, मेमरी संपते आणि मशीन हलेनासं होतं. बॅश ४.३ पासून ‘वेट’ला डॅश एन देता येतो, म्हणजे कुठलंही एक काम संपेपर्यंत थांबता येतं. त्यावर मर्यादा बांधता येते आणि ती चालतेही. पण ती मर्यादा स्क्रिप्टच्या पोटात राहते. लूप एकदा सुरू झाला की बाहेरून त्याला ‘आता तीनच्या ऐवजी दोन’ असं सांगता येत नाही, रांगेत नवं काम घालता येत नाही, कुठलं काम फसलं ते पाहायचं तर स्वतःच नोंद ठेवावी लागते. शिवाय टर्मिनल बंद झालं की पुढे काय होईल याचा घोर वेगळाच.

डेबियन आणि उबंटूवर पॅकेजचं नाव टास्क-स्पूलर आणि कमांडचं नाव टीएसपी. मूळ नाव टीएस. पण मोअरयूटिल्स या संचात त्याच नावाची, ओळींना वेळेचा शिक्का मारणारी वेगळीच कमांड आहे, म्हणून डेबियनने एक अक्षर वाढवलं. मॅकवर होमब्रूमधून घेतलं तर ती टीएस म्हणूनच मिळते. कार्यक्रम सी भाषेतला, अगदी लहान. कॉन्फिगरेशन फाइल नाही, सर्व्हिस सुरू करून ठेवावी लागत नाही, रूट अधिकार लागत नाहीत. पहिली कमांड दिली की त्याचा सर्व्हर आपोआप उठतो.

वापर असा. एरवी जी कमांड दिली असती तिच्याआधी टीएसपी लिहायचं, एवढंच. कमांड रांगेत जाते, स्क्रीनवर तिचा क्रमांक उमटतो आणि प्रॉम्प्ट लगेच परत येतो. नुसतं टीएसपी लिहून एंटर दाबलं की यादी दिसते: क्रमांक, स्थिती, आउटपुटची फाइल, एग्झिट कोड, लागलेला वेळ आणि मूळ कमांड. स्थितीच्या रकान्यात ‘रनिंग’, ‘क्यूड’ किंवा ‘फिनिश्ड’ असतं. मी आधी एग्झिट कोडच्या रकान्यावरून नजर फिरवते. सगळीकडे शून्य असेल तर ठीक, कुठे एक दिसला तर तेच काम उघडायचं. डॅश सी आणि क्रमांक दिला की त्या कामाचं पूर्ण आउटपुट, डॅश टी दिला की चालू कामाचं आउटपुट येत जाईल तसं, डॅश आय दिला की ते कधी रांगेत आलं, कधी सुरू झालं ही माहिती. प्रत्येक कामाचं आउटपुट स्वतंत्र फाइलमध्ये राहतं, त्यामुळे चार कामं एकदम चालली तरी ओळी एकमेकींत मिसळत नाहीत.

एका वेळी किती कामं चालवायची हे डॅश कॅपिटल एसने ठरतं. मुळात आकडा १ असतो, म्हणजे निव्वळ रांग. ४ दिला की चार कामं शेजारी शेजारी, म्हणजे चार स्लॉट. मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही की हा आकडा कामं चालू असतानाच बदलता येतो. मशीनवर दुसरं काही करायचं असेल तेव्हा मी तो २ करते. चालू असलेली चार कामं मारली जात नाहीत, ती आपापली संपतात, फक्त नवी सुरू व्हायची थांबतात. घरी निघताना पुन्हा ४. मोठ्या कामाला डॅश कॅपिटल एन देऊन ‘याला एकट्याला तीन जागा लागतील’ असंही सांगता येतं. व्हिडिओ एन्कोडिंगला मी तेच करते. ओपसचं एन्कोडिंग जवळजवळ एकाच कोअरवर चालतं, म्हणून चार फिती शेजारी लावल्या की खरोखर वेळ वाचतो. एच-२६४ व्हिडिओचा एन्कोडर मात्र स्वतःच सगळे कोअर वापरतो. तसे चार एकदम लावून पदरात फारसं काही पडत नाही, पंखा तेवढा जोरात फिरतो.

याच संदर्भात टेसरॅक्टची गोष्ट सांगायलाच हवी. चौथ्या आवृत्तीपासून टेसरॅक्ट एका पानासाठीसुद्धा चार थ्रेडपर्यंत (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) उघडतं. एकच पान वाचायचं असेल तर ते ठीक. पण रांगेतून चार टेसरॅक्ट एकदम सुटले की सोळा थ्रेड चार कोअरसाठी भांडू लागतात, आणि एकेक पान सुटं वाचायला लागला असता त्याहूनही जास्त वेळ लागू शकतो. उपाय म्हणजे ओएमपी_थ्रेड_लिमिट हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला बाहेरून मिळणारी सेटिंग) १ वर ठेवायचं. प्रत्येक टेसरॅक्टला एक कोअर, आणि समांतरपणा सगळा रांगेकडे. ज्यांना ‘चार स्लॉट केले तरी वेग वाढत नाही’ असा अनुभव येतो, त्यांनी आधी आपला प्रोग्रॅम आतून किती थ्रेड उघडतो ते पाहावं.

हे व्हेरिएबल टीएसपीच्या आधी त्याच ओळीत लिहिलं तरी बरोबर पोचतं, आणि त्याचं कारण या अवजाराच्या रचनेत आहे. आपण काम रांगेत टाकतो तेव्हा टीएसपीचा एक छोटा क्लायंट मागे जाऊन थांबून राहतो. त्याच्याकडे आपली डिरेक्टरी आणि सगळे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल जसेच्या तसे असतात. सर्व्हर फक्त ‘आता तुझी पाळी’ एवढं सांगतो, काम क्लायंटच चालवतो. म्हणून सकाळी एका फोल्डरमध्ये उभं राहून दिलेलं काम संध्याकाळी त्याच फोल्डरमध्ये चालतं, मी तोवर कुठेही गेले असले तरी. टर्मिनल बंद केलं, एसएसएच तुटलं, तरी क्लायंट जागेवर असतो. दूरच्या मशीनवर काम लावून लॅपटॉप मिटता येतो.

दुसरी रचना नव्या माणसाला सुरुवातीला अडवते. टीएसपी कमांड थेट चालवतं, मध्ये शेल आणत नाही. याचा फायदा मोठा आहे: फाइलच्या नावात स्पेस असो, कंस असो, अवतरणचिन्ह असो, एकदा नीट दिलं की ते तसंच पोचतं. तोटा असा की पाइप (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणारी उभी रेघ) आणि आउटपुट वळवण्याचं चिन्ह आपला शेल आधीच गिळून टाकतो. टीएसपी आणि त्यापुढे ‘शा-२५६-सम’ची कमांड लिहून शेवटी मोठ्याची खूण आणि फाइलचं नाव दिलं, तर त्या फाइलमध्ये चेकसमऐवजी कामाचा क्रमांक जाऊन बसतो. पाइपचंही तेच. अशा वेळी पूर्ण ओळ एकेरी अवतरणात घालून ‘एसएच डॅश सी’ला द्यायची, आणि ते टीएसपीला द्यायचं. एलियस (कमांडला दिलेली टोपणनावं) आणि शेल फंक्शनसुद्धा थेट चालत नाहीत, कारण ती तुमच्या शेलला माहीत असतात, टीएसपीला नाहीत. जी फंक्शनं मला रांगेत लागतात त्यांच्या मी छोट्या स्क्रिप्ट करून बिन फोल्डरमध्ये ठेवल्या आहेत. त्या एरवीही सोयीच्या पडतात.

एफएफएमपेग हा आवाज-व्हिडिओ रूपांतराचा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. फाइल आधीच असेल तर ते ‘वर लिहू का’ असं विचारतं. रांगेत उत्तर द्यायला कुणी नसतं, म्हणून डॅश वाय किंवा डॅश एन आधीच देऊन ठेवावा. आणि प्रगतीची जी ओळ ते सतत बदलत राहतं ती आउटपुटच्या फाइलमध्ये साठत जाते, म्हणून ‘नो-स्टॅट्स’ द्यावं. लॉग वाचण्याजोगा राहतो.

आता दोन रांगांविषयी. माझ्या कामात काही गोष्टी प्रोसेसरवर अडतात आणि काही डिस्कवर. ओसीआर चार पानं एकदम करू शकतं. पण फिरत्या हार्ड डिस्कवर चार कॉपी एकदम लावल्या की तिचं डोकं इकडून तिकडे धावत बसतं आणि चारही मंदावतात. तिथे एका वेळी एकच काम हवं. टास्क स्पूलरमध्ये टीएस_सॉकेट हे व्हेरिएबल (ज्या फाइलमधून सर्व्हरशी बोलणं होतं त्या सॉकेटचा पत्ता) वेगळं दिलं की पूर्ण वेगळा सर्व्हर, वेगळी यादी, वेगळे स्लॉट मिळतात. मी शेलच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये दोन फंक्शनं लिहिली आहेत, एक ‘ओझं’ नावाचं प्रोसेसरच्या कामांसाठी, एक ‘वाहतूक’ नावाचं डिस्कच्या कामांसाठी. दोन्हींत सॉकेटचा पत्ता तेवढा वेगळा. ओझ्याला चार स्लॉट, वाहतुकीला एक. ज्याला खऱ्या अर्थाने शेल वाढवणं म्हणता येईल ते मला इथे दिसलं: दोन-दोन ओळींची फंक्शनं, आणि कमांडच्या आधी एक शब्द.

सॉकेटचा पत्ता स्पष्ट देण्याचं आणखी एक कारण आहे. आउटपुटच्या फायली टेंप फोल्डरमध्ये जातात आणि ती जागा टीएमपीडीआयआर हे व्हेरिएबल ठरवतं. सॉकेटसुद्धा तिथेच बनतं. म्हणजे लॉग दुसरीकडे न्यावेत म्हणून एका टर्मिनलमध्ये हे व्हेरिएबल बदललं की तिथून दिलेली कामं वेगळ्याच सर्व्हरकडे जातात आणि जुन्या यादीत दिसत नाहीत. सॉकेट स्वतः ठरवून ठेवलं की हा गोंधळ होत नाही.

एका कामावर दुसरं अवलंबून असेल तर डॅश डी. आधीचं काम शून्य कोडने संपलं तरच पुढचं चालतं, नाहीतर वगळलं जातं. डॅश कॅपिटल डीला कामाचा क्रमांक देता येतो. चेकसम जुळला तरच कॉपी, हा नियम मी याच पद्धतीने बांधला आहे. रांगेत टाकताना क्रमांक छापला जातो, तो व्हेरिएबलमध्ये धरायचा आणि पुढच्या कामाला द्यायचा. तातडीचं काम आलं की डॅश यू देऊन ते रांगेच्या तोंडाशी येतं. चालू कामाचा प्रोसेस क्रमांक डॅश पी सांगतो. त्याच्याआधी वजाचं चिन्ह लावून ‘स्टॉप’ सिग्नलसह ‘किल’ला दिला की तो सिग्नल पूर्ण प्रोसेस-गटाला जातो, म्हणजे काम न मारता जागच्या जागी थांबवता येतं आणि नंतर पुन्हा चालू करता येतं. थांबवण्यासाठी स्वतःचा वेगळा पर्याय असता तर बरं झालं असतं, कारण हा उपाय शोधून काढावा लागतो.

टीएस_ऑनफिनिश या व्हेरिएबलमध्ये एखाद्या स्क्रिप्टचं नाव ठेवलं तर प्रत्येक काम संपल्यावर ती चालते. तिला कामाचा क्रमांक, एग्झिट कोड, आउटपुटची फाइल आणि कमांड मिळते. माझी स्क्रिप्ट फक्त फसलेल्या कामांची ओळ एका फाइलमध्ये लिहिते. यशाची सूचना मला नको असते.

उणिवा. सगळ्यात मोठी म्हणजे मशीन बंद पडलं की रांग गेली. सर्व्हर मेमरीत असतो, क्लायंट प्रोसेस असतात, वीज गेली की दोन्ही नाहीत. सर्व्हरला नीट थांबवलं तर यादी फाइलमध्ये लिहून ठेवण्याची सोय आहे, पण अचानक गेलेल्या विजेला तिचा उपयोग नाही. रात्रभर चालणाऱ्या शेकडो कामांसाठी हे मला पटत नाही, आणि तिथे मी प्यू हे रांगेचं दुसरं अवजार वापरते, त्याच्याविषयी पुढे. दुसरं, यादी दिसायला फार साधी आहे. लांब कमांड असल्या की ओळी गुंडाळल्या जाऊन काहीच कळत नाही. डॅश कॅपिटल एल देऊन लेबल लावता येतं, ते मी आता प्रत्येक वेळी लावते.

जिथे यादी आधीपासून तयार असते तिथे टास्क स्पूलर मी वापरतच नाही. तिथे जीएनयू पॅरलल. ओले टांगे यांनी पर्लमध्ये लिहिलेलं हे अवजार २०१० पासून जीएनयूचा भाग आहे. हजार पानांचा गठ्ठा त्याला एका ओळीत देता येतो. कामांची संख्या सांगितली नाही तर ते कोअर मोजून स्वतः ठरवतं. प्रत्येक कामाचं आउटपुट संपल्यावरच एकगठ्ठा दाखवतं, डॅश के दिला तर मूळ क्रमातही. त्याचा जॉबलॉग हा माझ्या मते त्याचा सर्वोत्तम भाग आहे: प्रत्येक काम कधी सुरू झालं, किती वेळ लागला, कुठल्या कोडने संपलं, सगळं एका फाइलमध्ये. मध्येच वीज गेली तर ‘रिझ्यूम’ देऊन उरलेलीच कामं चालतात, ‘रिझ्यूम-फेल्ड’ दिलं तर फसलेलीही पुन्हा. ‘ड्राय-रन’ने आधी सगळ्या कमांड डोळ्यांखालून घालता येतात, आणि मोठ्या गठ्ठ्याआधी मी हे नेहमी करते. पहिल्यांदा चालवताना ते संशोधनात वापरल्यास उल्लेख करा अशी सूचना दाखवतं. ‘सायटेशन’ पर्यायाने ती एकदा वाचून बंद करता येते. प्रत्येक कामामागे पर्लचे काही मिलिसेकंद जातात, पण एका पानाला काही सेकंद लागत असतील तर ते जाणवतही नाहीत. डेबियनवर मोअरयूटिल्समध्येही ‘पॅरलल’ नावाची वेगळी कमांड आहे, तेव्हा आपण कुठलं चालवतोय ते आवृत्ती विचारून पाहावं.

काहीच बसवायची परवानगी नसेल तर एक्सआर्ग्स या कमांडचा डॅश कॅपिटल पी आहेच, जवळजवळ प्रत्येक मशीनवर. फाइंडचं ‘प्रिंट-झीरो’ आणि एक्सआर्ग्सचं डॅश शून्य यांची जोडी लावली की स्पेस असलेल्या नावांनाही धोका नाही. पण तिथे आउटपुटच्या ओळी एकमेकींत घुसतात आणि कुठलं काम फसलं ते नेमकं कळत नाही.

प्यू रस्टमध्ये लिहिलेलं आहे आणि टास्क स्पूलरपेक्षा बरंच भरलेलं. डीमन (मागे सतत चालणारा) आणि क्लायंट असे दोन प्रोग्रॅम, रांग डिस्कवर जपलेली, गटांची आयती सोय, प्रत्येक गटाला स्वतःची मर्यादा, थांबवणं-चालवणं एका शब्दात, रांगेतल्या कामाची कमांड सुरू होण्याआधी संपादित करण्याचीही सोय. विंडोजवरही चालतं. माझी ‘ओझं’ आणि ‘वाहतूक’ ही दोन फंक्शनं तिथे दोन गट होतात, सॉकेटची उठाठेव नाही. पण एक फरक नीट लक्षात घ्यावा. प्यू दिलेले शब्द जोडून शेलकडे सोपवतं. त्यामुळे पाइप सहज चालतो, पण स्पेस असलेलं फाइलचं नाव एकदाच अवतरणात टाकलं तर तुटतं. दुहेरी अवतरण करावं लागतं, किंवा ‘एस्केप’ हा पर्याय द्यावा लागतो. माझ्या फायलींची नावं लांब, मोकळी आणि देवनागरीतली असतात, म्हणून दिवसभराच्या कामात मला टास्क स्पूलरची पद्धत जवळची वाटते. रात्रीच्या मोठ्या कामांच्या कमांड स्क्रिप्टमधून तयार होतात, तिथे अवतरणं एकदाच नीट बसवली की झालं, आणि तिथे प्यू.

आणखी एक नाव: एनक्यू. लिआ नॉयकिर्खेन यांचं हे अवजार सर्व्हरसुद्धा ठेवत नाही. प्रत्येक कामासाठी स्वल्पविरामाने सुरू होणारी एक फाइल बनते, तिच्यावर कुलूप लागतं, आणि पुढचं काम ते कुलूप सुटायची वाट पाहतं. आउटपुटही त्याच फाइलमध्ये. समांतर चालवणं त्याला येत नाही, एकामागून एकच. ज्यांना स्लॉटची गरज नाही, फक्त एका प्रकल्पाच्या फोल्डरपुरती रांग हवी आहे, त्यांनी टास्क स्पूलर बसवण्याआधी हे वापरून पाहावं. यादी पाहायला ‘एलएस’ पुरतं आणि लॉग पाहायला ‘टेल’.